पडद्यावरचा आवाज तुझा नव्हता, शालू

सिनेमावाल्यांनी तुला फसवलं, शालू. तुझा चेहरा घेतला, तुझी चाल घेतली, तुझ्या तोंडचा शब्दही घेतला, आणि आवाज मात्र पुण्याच्या कुठल्याशा मुलीचा लावला. तीस वर्षं मी हे ज्याला त्याला सांगत आले. तू होतीस तेव्हा मला थांबवायचीस. "जाऊ दे ना वं नंदे, किती दिवस तेच ते." आता थांबवायला तू नाहीस, म्हणून लिहून काढते.

परवा तुझी तेरवी झाली. ताडपत्री, खुर्च्या, भांडी, सगळं माझ्याच बिछायत केंद्रातून गेलं. दुसऱ्या कोणाचं येऊ दिलं असतं का मी? वडनेरच्या तुझ्या शाळेतले शिक्षक आले, तुझ्या हाताखाली शिकलेल्या बायका कडेवर लेकरं घेऊन आल्या. जेवणं आटोपली आणि तुझ्या धाकट्या जावेनं मोबाईल काढला. तिनं तुझ्या आठवणीत स्टेटस ठेवलं होतं. त्याच सिनेमातला, 'वर्गाबाहेर उभा राहा' मधला तुकडा. दोन वेण्या, पिवळी ओढणी, छातीशी वह्या धरलेली एकोणीस वर्षांची तू. मुलं मोठ्या तोऱ्यात काहीतरी बेत सांगतात, तू थांबतेस, मान वळवतेस आणि म्हणतेस, "काऽऽऊन?"

मोबाईल या हातातून त्या हातात फिरला. तुझ्या सासरकडच्या एक आजीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीचा आवाज किती गोड होता माय."

मी उठले आणि भांडी मोजायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेले. त्या बायकांत बसून राहिले असते तर तोंडातून काय निघालं असतं, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या तेरवीत तुझ्यासाठी भांडण झालं असतं, आणि तू मला वरूनही माफ केलं नसतंस.

पण रडली ती माणसं दुसऱ्याच बाईच्या आवाजावर, हे मला पचत नाही.

तो सिनेमा नाचणगावात आला तेव्हा तू पुलगावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतीस. मी नववीतूनच शाळा सोडलेली. माझ्याकडे घडीच्या लोखंडी खुर्च्या, चार दऱ्या, म्हणजे सतरंज्या, आणि एक हातगाडी, एवढाच पसारा. गावातली माणसं हसायची, पोरीच्या जातीनं बिछायतीचा धंदा करायचा म्हणून. युनिटला शाळेचा लांब व्हरांडा पाहिजे होता, पुलगावचं नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं स्टेशन पाहिजे होतं, आर्वीचा बस स्टँड पाहिजे होता आणि बसायला खुर्च्या पाहिजे होत्या. खुर्च्या माझ्याकडे होत्या. त्यांचा माणूस सौद्याला आला. मी माझा शब्द सांगितला आणि गप्प बसले. धंद्यातली एवढी एकच अक्कल मला तेव्हा होती: आपलं सांगून झालं की गप्प बसायचं, पहिल्यांदा जो बोलला तो हरला. तो बोलला.

तू माझा डबा घेऊन आली होतीस. त्यांना मैदानातून चालत जाणारी एक मुलगी कमी पडत होती. दिग्दर्शकांनी तुला बोलावलं, हातात वह्या दिल्या आणि म्हणाले, इथून तिथे चाला. तू चाललीस. पुन्हा चाला. चाललीस. पुन्हा.

तू मैदानाच्या मधोमध उभी राहिलीस. "काऊन?"

दिग्दर्शक पुढे आले. "काय म्हणालात?"

"म्हटलं, काऊन? दोनदा चालून दाखवलं मी तुमाले. तिसऱ्यांदा काऊन चालू?"

पहिल्यांदा कॅमेरामन हसला. मग सगळेच. दिग्दर्शक हसले नाहीत. ते विचार करत होते. दुसऱ्या दिवशी कागद बदलून आले. त्यात सुमी नावाची एक मुलगी होती. चार दोस्त गॅदरिंगसाठी काहीतरी उपद्व्याप ठरवतात आणि सुमी येऊन एकच शब्द विचारते, काऊन? मग त्यांचा बेत ढासळतो, कारण का करायचं ते कोणालाच माहीत नसतं. अख्खा सिनेमा त्या शब्दावर चालतो. तो शब्द त्यांना कोणी दिला, हे मी पाहिलंय. मी तिथे खुर्च्या मांडत होते.

तुझ्या बाबांना पटवायला मी तुमच्या ओट्यावर दोन दुपारी बसले. ते म्हणाले, "आमच्या घरची पोरगी सिनेमात नाचन?" मी म्हटलं, "नाचणार नाई काका, फक्त प्रश्न इचारणार आहे." त्यांना हसू आलं तसा सौदा झाला. मी सतत तुझ्यासोबत राहायचं, कपडे घरून न्यायचे, उन्हं उतरायच्या आत घरी. मग मी दिग्दर्शकांकडे गेले आणि त्यांच्याकडून दोन गोष्टी मागितल्या. सुमी आमच्यासारखीच बोलेल, आणि आवाज शालूचाच राहील. ते माझ्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नंदाताई, हिच्या आवाजाशिवाय सुमी म्हणजे कोण?" हा त्यांचा शब्द. मी तो जसाच्या तसा सांगते आहे, कारण बाकीचे सगळे दिवस विसरले तरी हे वाक्य मी विसरलेले नाही.

किती हसलो गं आपण तेव्हा. ते छोट्या गाडीचं आठवतं? मुलांची गाडी चुकते असा प्रसंग होता, आणि पुलगाव-आर्वीची ती गाडी चुकवणं माणसाच्या हातात नव्हतं. उतरून लघवीला जाऊन माणूस पुन्हा डब्यात चढायचा. हिरो पुण्याचा, चांगला उंचपुरा. तो पळाला की गाडीच्या पुढे निघून जायचा. ड्रायव्हरला जोरात हाकायला सांगितलं तर तो म्हणाला, "हाच जोर आहे साहेब." शेवटी मुलांनाच हळू पळायला लावलं. तू फलाटावरून ओरडलीस, "असे पळून राह्यले जसे बैलाचे पाय बांधले." ते वाक्य त्यांनी सिनेमात घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं.

आता ती गाडीही नाही. पोरं येतात, रूळ कुठे होते विचारतात, आर्वीच्या स्टँडवर चौघं ओळीनं बसले होते तो बाक कुठला ते विचारतात, फोटो काढतात. मी सांगते. मला प्रत्येक जागा माहीत आहे. बाकाची जागा मी सांगते तिथे नव्हती असं म्हणणारा मागे एक भेटला. त्याला मी स्टँडवरच्या कंट्रोलरपुढे उभा केला होता, आणि तू माझा पदर धरून मला ओढत नेलं होतंस.

सिनेमा लागला तेव्हा आपण वर्ध्याला गेलो. तू नवी साडी नेसली होतीस. अंधारात माझा हात धरून बसलीस. व्हरांडा आला, मैदान आलं, वह्या छातीशी धरून तू आलीस. तू तोंड उघडलंस आणि भलतीच बाई बोलली.

तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "ही कोण वं?"

तेवढंच. मला त्या पडद्यावर चप्पल फेकायची होती. मी उठलेच होते. तू माझं मनगट धरलंस ते मध्यंतर होऊन सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाहीस. बाहेर आल्यावर मनगटावर तुझी बोटं उमटली होती. तुझा आवाज गेला आणि तू मला सांभाळत बसलीस. हे उलटं होतं, आणि आयुष्यभर ते उलटंच राहिलं.

आवाज गेल्याचं तू कधी बोलली नाहीस. तुझा राग दुसराच होता. स्टेशनच्या प्रसंगात हिरो हाक मारतो, "सुमे!" आणि सुमी म्हणते, "काऊन?" तिथे तू शूटिंगच्या वेळी "काय?" म्हणाली होतीस, कारण हाकेला माणूस 'काय' म्हणतो, 'का' म्हणत नाही. पण त्या आवाज देणाऱ्या मुलीला आपली भाषा कुठून येणार? तिला वाटलं, वऱ्हाडात सगळ्याच प्रश्नाला काऊन म्हणतात. तू मास्तरीण झालीस तेव्हा हे तुला फार लागायला लागलं. "नंदे, मी मराठी शिकवतो पोरायले. आन् सारा महाराष्ट्र मले चुकीचं बोलताना पायते." वर्गात तू फळ्यावर दोन रकाने करून तो फरक शिकवायचीस, असं तेरवीत तुझ्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. सिनेमातल्या स्वतःचीच चूक तू वीस वर्षं दुरुस्त करत होतीस.

आणि आर्वीच्या स्टँडवरची ती मुलं. तुला ओळखलं, गराडा घातला, मॅडम एकदा म्हणा ना. तू म्हणालीस. आपला काऊन, आखूड, डब्याचं झाकण लावल्यासारखा. त्यातला एक काय म्हणाला? "नाही मॅडम, तसं नाही. काऽऽऊन, असं."

मी म्हटलं, "अबे, ज्या बाईचा शब्द आहे तिलेच तू शिकवून राह्यला काय?"

तू मात्र त्याच्याकडून तो लांबलचक काऊन नीट शिकून घेतलास, त्याच्या मोबाईलमध्ये म्हणून दाखवलास आणि त्याला विचारलंस, "पास झाली का मी?" तो बिचारा लाजला. मी अजून त्याच्यावर रागावलेली आहे.

शालू, माझ्याकडे जे काही आहे त्याला लोक म्हणतात, नंदानं स्वतःच्या हिमतीवर केलं. मीही तसंच म्हणते. पण माझ्या पहिल्या पाटीवर मी 'बीछायत केंद्र' लिहून घेतलं होतं, आणि पेंटर अजून शिडीवरून उतरला नव्हता तोवर तू येऊन त्याच्याकडून पहिली वेलांटी करवून घेतलीस. दहावीला मला बाहेरून बसवणारी तू. दर रविवारी वडनेरहून एसटीनं यायचीस, दुकानात गाद्यांच्या थप्पीवर बसून माझा अभ्यास घ्यायचीस, मध्येच गिऱ्हाईक आलं की म्हणायचीस, "थांबा भाऊ, बाई कविता म्हणून राह्यल्या." पत्र कसं लिहायचं ते तर तू कॉलेजात असतानाच शिकवलंस. उजवीकडे पत्ता, खाली दिनांक, मायना, आपली विश्वासू. मी लिहायचं, तू लाल पेनानं तपासायचं, मग टपालात टाकायचं. व्यापाऱ्यांना, बँकेला, तहसीलला गेलेलं माझं प्रत्येक पत्र आधी तुझ्या हातून गेलं. माझी जीभ काय होती ते तू जाणतेस. त्या लाल पेनानं माझी निम्मी भांडणं कागदावरच मिटवली. आज हे मी नीट लिहू शकते आहे, ती विद्या तुझी आहे.

एकच पत्र मी तुला न दाखवता टाकलं. ते सांगायचं राहिलं.

शूटिंग संपल्यावर पत्रव्यवहारासाठी मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला होता. तुमच्या घरी सिनेमाचं पत्र गेलं असतं तर तुझ्या बाबांनी पोस्टमनलाही दारात उभं केलं नसतं. चार-पाच महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. शालिनीताईंनी आवाज देण्यासाठी तीन दिवस पुण्याला यावं, अशी विनंती. तुझी परीक्षा जवळ आली होती. आणि मला ठाऊक होतं, तुला दाखवलं की तू म्हणशील, चाल नंदे, आणि पिशवी उचलशील. एकही अट न घालता. माझ्या मनात आलं, आधी सगळं नीट ठरवून घेऊ, मग तुला आयतं सांगू. मी वही काढली. उजवीकडे पत्ता, खाली दिनांक. शालू एकटी येणार नाही, दोघींची जाण्यायेण्याची सोय करा. राहायला बायका असलेलं घर द्या. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात त्यात तिचं नाव पहिल्या पाचांत पाहिजे. आणि शेवटी लिहिलं, लेखी होकार आल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही. आपली विश्वासू.

मग मी गप्प बसले. पहिल्यांदा जो बोलला तो हरला.

ते बोललेच नाहीत. मीही दुसरं पत्र टाकलं नाही. वाटलं, गरज त्यांची आहे, येतील झक मारत. आणि मग आपण वर्ध्याच्या थिएटरात बसलो होतो आणि तू माझ्या कानात विचारत होतीस, ही कोण वं.

त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. तू मनगट धरलं होतंस म्हणून नाही सांगितलं. नंतर मी सगळ्यांना सिनेमावाल्यांनी फसवलं असं सांगायला लागले, आणि जितक्या जोरात सांगत गेले तितकं ते पत्र खाली दबत गेलं. लोक तुला विचारायचे, बाई, आवाज तुमचा काऊन नाही? तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "मले पुण्याचं पाणी सोसत नाई." सगळे हसायचे. तू कधी गेलीसच नाहीस पुण्याला, मग पाणी कुठलं सोसत नव्हतं? हे वाक्य मी शंभरदा ऐकलं, आणि परवा, भांड्यांपाशी बसले असताना, मला पहिल्यांदा वाटलं की तुला माहीत होतं. आपला पोस्टमन तुझ्या मावसभावाचा मित्र होता. तुला माहीत असू शकतं. माहीत असूनही तू दर रविवारी येऊन माझ्या चुका लाल पेनानं काढत राहिली असशील, तर त्यासाठी माझ्याजवळ शब्द नाही.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी लेक मीनल माझ्याकडे आली. तिच्याकडे तुझ्या आवाजाचे निरोप आहेत मोबाईलवर, ते सगळे आजारातले. खोल गेलेला आवाज. "येताना दूध आणजो." "आज डबा नको." ती मला म्हणाली, "मावशी, आईचा तरुणपणचा आवाज मी ऐकलाच नाही. शूटिंग चालू असताना काही टेपवर घेतलं असेल ना त्यांनी?"

घेतलं होतं. मी पाहिलं होतं. कानाला हेडफोन लावून एक माणूस यंत्रापाशी बसायचा, तुझं प्रत्येक वाक्य त्यात जायचं. तो खरा आवाज, मैदानातला, फलाटावरचा.

मी दिग्दर्शकांचा नंबर मिळवला. तीन जणांना छळावं लागलं. ते आता थकले आहेत, पण नाव सांगितल्याबरोबर ओळखलं. तू गेल्याचं ऐकून म्हणाले, "फार गुणी मुलगी."

मी म्हटलं, "साहेब, तिचा आवाज तुमच्याकडे आहे. तो तिच्या लेकीले पाहिजे."

"नंदाताई, त्या टेप कोण ठेवतं? नुसत्या आधाराला असतात. डबिंग झालं की पुसतात."

"मंग डबिंग तिनं काऊन नाई केलं? तुमी शब्द दिलता."

ते सावकाश म्हणाले, "आम्ही बोलावलं होतं की. तुमचंच उत्तर आलं. निर्माते म्हणाले, एवढ्या अटी कोण पाळणार."

मी दुकानात उभी होते, समोर गिऱ्हाईक होतं, आणि मी खाली बसले.

पण मी सौद्यात वाढलेली बाई आहे. खाली बसल्या बसल्या मी त्यांना एक गोष्ट विचारली. त्या पुण्याच्या मुलीचा आवाज तुम्ही कधी घेतला? माझं पत्र आल्यावर, की त्याच्या आधीच घेऊन ठेवला होता आणि आम्हाला नुसतं रीत म्हणून बोलावलं? ते म्हणाले, "आता कुठलं आठवतंय." मी म्हटलं, "आठवा." त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही.

मीनलला मी सगळं सांगितलं. पत्राचंसुद्धा. ती तुझ्यासारखी आहे, माझा हात धरून बसली. मला ते नको होतं. तिनं रागवायला पाहिजे होतं.

तू मला माणसात आणलंस, शालू. त्याचे आभार मी तुझ्या तोंडावर कधी मानले नाहीत. तू ऐकून घेतले नसतेस, म्हटलं असतंस, गुण दे मले दहापैकी. ते इथे लिहून ठेवते. पण हे दुसरं मी अर्धवट सोडणार नाही. त्यांनी आधीच ठरवलं असेल तर तुझा आवाज त्यांनी चोरला, आणि पुण्यात जाऊन त्यांच्या दारात उभं राहून मी ते चारचौघांत बोलेन. माझ्या पत्रानंतर ठरलं असेल, तर तुझा आवाज मी घालवला, आणि तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात, तुझ्या लेकीसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी कबूल करेन. दोन्हींची माझी तयारी आहे. न कळता राहण्याची नाही.

दिग्दर्शक साहेब, हा लेख तुमच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मी केली आहे. आठवत नाही हे उत्तर मी घेत नाही. तुमचा ध्वनिमुद्रक असेल, त्याला विचारा. ज्या मुलीनं आवाज दिला तिला विचारा, तो महिना कोणता होता ते तिला आठवत असेल. विचारा आणि सांगा. माझ्या पत्राच्या आधी, की नंतर? दोनच शब्द आहेत. त्यातला एक मला पाहिजे.